पारख करा, मग घट्ट धरा

(शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें १८ : २४-२८, १ थेस्सलनीकरांस ५ : २१)



मार्कंड्याच्या घाटावर उभा राहून जो मनुष्य वैनगंगा पाहील, तो निःशंकपणें सांगेल कीं, ही नदी उत्तरेस वाहते. त्याचे डोळे त्याला फसवीत नाहींत. तेथें प्रवाह खरोखरच उत्तरेकडे वळलेला आहे. परंतु हीच नदी पुनः दक्षिणेस वळून वर्धेला भेटते, प्राणहिता हें नांव घेते आणि गोदावरीस मिळते. ज्यानें एकच घाट पाहिला, त्याचें पाहणें खरें, पण निर्णय अपुरा. खालच्या गांवचा नावाडी त्याला हें सांगूं लागला, तर त्यानें रागावावें कीं नावेंत बसून पाहावें?

अपुल्लोस शास्त्रांत प्रवीण व मोठा वक्ता होता. पण त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. अक्विला व प्रिस्किल्ला हें दांपत्य तंबू करून पोट भरीत असे. त्यांनीं त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला, आणि ह्या विद्वानानें कारागिरांचें ऐकलें! त्यामुळें त्याचा आवेश मावळला नाहीं. उलट अखया प्रांतांत तो विश्वासणाऱ्यांस फार उपयोगी पडला.

आपल्याच लोकांतील एक उदाहरण पाहा. नीळकंठशास्त्री गोरे ह्यांचा जन्म १८२५ सालीं झाला व ते काशीस विद्वान् झाले. जॉन म्यूर ह्या स्कॉटिश पंडितानें संस्कृतांत ख्रिस्ती मताचें मंडन केलें होतें. त्याचें खंडन करण्यासाठीं विशीच्या सुमारास गोऱ्यांनीं 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ संस्कृतांतच लिहिला. आपल्या मताविषयीं ते इतके दृढ होते! परंतु ज्याचें खंडन करावयाचें, तें त्यांनीं मन लावून वाचलें. वाचतां वाचतां मन पालटलें, आणि १८४८ सालीं जौनपूर येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. ह्याची किंमत आप्तांच्या दुःखानें मोजावी लागेल, हें ते जाणून होते. नेहेम्या गोरे ह्या नांवानें त्यांनीं पुढें आपल्या चांद्यासही कांहीं काळ सेवा केली. ख्रिस्ती झाल्यावरही शंकांनीं त्यांस सोडिलें नाहीं. मंडळीच्या व्यवस्थेविषयींचीं आपलीं पूर्वींचीं मतेंही त्यांनीं तपासून बदललीं. तरी १८९५ सालीं मरेपर्यंत त्यांनीं प्रभूस सोडिलें नाहीं.

प्रियहो, ह्यांत आपणांस एक कठीण प्रश्न आहे. महाशिवरात्रीस आपला शेजारी मार्कंड्याच्या यात्रेस निघतो, तेव्हां आपली इच्छा असते कीं, त्यानें आपल्या वडिलोपार्जित समजुतीचा पुनः विचार करावा. तर मग आपण आपल्या समजुतीचा विचार करावयास तयार आहों काय? ज्या मापानें आपण मोजतों, त्याच मापानें आपणांस मोजून घेतलें पाहिजे. शेजाऱ्याचें मत त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगतां येईपर्यंत त्यास चूक म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

मंडळीच्या पंचांतही असेंच घडतें. एखादी विधवा किंवा नवा विश्वासणारा म्हणतो, "हा निवाडा बरा झाला नाहीं." तेव्हां बोलणारा कोण, हें आपण आधीं पाहतों, बोललें तें खरें काय, हें मागाहून. तोंपर्यंत त्या बिचाऱ्याचा न्याय बुडालेला असतो.

कोणी म्हणेल, "असें दर वेळीं तपासूं लागलों, तर विश्वास टिकेल कसा?" बंधूंनो, पौलाची आज्ञा पारख करण्यावर संपत नाहीं, चांगलें आढळलें तें घट्ट धरा, असेंही तो सांगतो. सगळींच मतें सारखीं, असें म्हणणाऱ्यानें कांहींच पारखलेलें नसतें. सोनार सोनें कसोटीवर घासतो, तें टाकून देण्यासाठीं नव्हे. आपलें तारण आपल्या अचूकपणावर अवलंबून असतें, तर चूक कबूल करण्याचें भय योग्य ठरलें असतें. परंतु तें प्रभूच्या विश्वासूपणावर उभें आहे; म्हणून "मी चुकलों असेन, पुनः पाहूं," असें म्हणण्यास ख्रिस्ती मनुष्यानें भिऊं नये.

प्रभु आपणांस सत्य धरून राहण्याचें धैर्य आणि सत्यापुढें वांकण्याची नम्रता देवो. आमेन.