परगावचे मुडदे

नाना बिर्क लार्सन या मुलीच्या आईचं नाव पर्निला, वडिलांचं थाइस. दोन धाकटे भाऊ, एमिल आणि अँटोन. वडिलांचा धंदा लोकांचं घरसामान हलवून देण्याचा. हे सगळं मला पाठ आहे. ही मुलगी कधी जगलीच नाही. 'फोर्ब्रिडेल्सन' या डॅनिश मालिकेत तिचा खून होतो, आणि २००७ साली दाखवलेल्या पहिल्या पर्वाचे २० भाग त्या एकाच खुनाचा तपास चालतो. एक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस.

हिंगणघाटच्या नांदोरी चौकात ३ फेब्रुवारी २०२० रोजी सकाळी एका तरुण प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकून तिला पेटवून देण्यात आलं. ती कॉलेजला निघाली होती. पेटवणारा ओळखीतलाच होता, बरेच दिवस तिच्या मागावर असलेला. १० फेब्रुवारीला नागपूरच्या दवाखान्यात ती गेली. तो चौक मी डोळे मिटूनही ओलांडू शकेन. तिला भावंडं किती, घरात कोण कोण, हे तेव्हाही मी धड जाणून घेतलं नाही आणि आजही मला सांगता येणार नाही.

ती माहिती आणि हे अज्ञान एकाच डोक्यात शेजारी शेजारी कसं राहतं, हे मला स्वतःलाच विचारायचं आहे.

मी निवृत्त शिक्षक. जेवण झालं, मी टीव्हीसमोर बसलो की आतून आवाज येतो, "लावले का हो तुमचे मुडदे?" बायकोनं या मालिकांना दिलेलं हे नाव मला लागतं ते खरं आहे म्हणूनच. स्वीडन, डेन्मार्क, आइसलँड, फिनलंड, जिथला मिळेल तिथला मुडदा मी पाहिला आहे. 'ब्रोन'मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनला जोडणाऱ्या पुलावर, बरोबर सीमारेषेवर सापडलेलं प्रेत. कमरेच्या वर एक बाई, खाली दुसरी. 'ओफाइर्द'मध्ये हिमवादळानं कोंडलेलं आइसलँडचं बंदर आणि पाण्यात सापडलेलं धड. हे मी चवीनं पाहतो. 'चवीनं' हा शब्द लिहिताना हात अडखळला, पण दुसरा शब्द टाकला तर खोटं होईल.

लोकांनी विचारलं की माझं ठरलेलं उत्तर असतं: हिंगणघाटचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५च्या वर, कूलरची ताटी वाळलेली, नळ कधी येईल त्याचा नेम नाही, अशात पडद्यावर नुसता बर्फ दिसला तरी जिवाला बरं वाटतं. लोक हसतात, विषय संपतो. पण डिसेंबरातही मी हेच पाहतो.

दुसरं उत्तर जरा वरच्या पट्टीतलं. हे साहित्य आहे हो, आपल्यासारखा धांगडधिंगा नाही. यात किती अहंकार दडलेला आहे, ते सांगतोच. माझ्या वडिलांच्या पिढीनं बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं उशाखाली ठेवून वाचली. आम्ही कटिंगच्या दुकानात नंबर येईपर्यंत 'पोलीस टाइम्स' चाळला आणि नंबर आला की जणू हातात नव्हताच असा बाकावर सरकवला. मग दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' आली, पुढे 'सीआयडी', 'क्राइम पेट्रोल'. शेजारचे लोक अजून तेच पाहतात आणि मी त्यांना मनातल्या मनात हसतो, कारण माझ्या खुनाखाली इंग्रजी अक्षरं धावतात. भूक तीच. ताट तेवढं चिनी मातीचं.

तिसरं उत्तर मात्र पोकळ नाही, त्याला मी अजून धरून आहे. या मालिकांचं मूळ ज्या कादंबऱ्यांत आहे, त्या माय श्यूवाल आणि पेर वालू या स्वीडिश जोडप्यानं १९६५ ते १९७५ या काळात लिहिल्या. दहा कादंबऱ्या, नायक मार्टिन बेक नावाचा पोलीस अधिकारी. दोघं डाव्या विचारांचे. जगाला आदर्श वाटणाऱ्या कल्याणकारी राज्याच्या गालिच्याखाली काय लोटलं आहे ते दाखवायचं, हा त्यांचा उघड हेतू होता. पुढे २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री पंतप्रधान ओलोफ पाल्मे सिनेमा पाहून पत्नीबरोबर पायी घरी जात असताना, कोणीही अंगरक्षक सोबत नसताना, स्टॉकहोमच्या रस्त्यावर गोळी घालून मारले गेले. ३४ वर्षांनी, २०२० मध्ये, सरकारी वकिलांनी एका मेलेल्या माणसावर संशय ठेवून प्रकरण बंद केलं. हेनिंग मँकेलच्या कादंबऱ्यांतला पोलीस अधिकारी वालांडर १९९१ साली पहिल्यांदा अवतरला तो या जखमेनंतरच्या स्वीडनमध्ये, इस्ताद या छोट्या गावात. खरं तर त्या देशांत खून फार होत नाहीत. लाख लोकांमागे वर्षाला एकाच्या आसपास. आपल्याकडचं प्रमाण त्याच्या दुपटीच्या घरात. पण पडद्यावर खुनांचं पीक तिकडे. सगळं नीटनेटकं आहे असं ज्यांना सांगितलं जातं, त्यांनाच आत काय कुजतंय याची धास्ती अधिक असावी.

हे मला लगेच कळतं, कारण मी वर्धा जिल्ह्यातला. तासाभरावर सेवाग्राम. बापूंचा जिल्हा म्हणून पन्नासेक वर्षांपासून दारूबंदी, आणि पाहिजे त्याला पाहिजे तेव्हा मिळते, हे शाळकरी पोरांनाही माहीत. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्या सहा जिल्ह्यांत आमचा वर्धा होता. पुण्यतिथीला सूत कातायचं आणि बाकी सगळं गालिच्याखाली, हा खेळ आम्हाला कोणी डेन्मार्कहून येऊन शिकवायला नको. म्हणून त्या मालिकांत मला माझं गाव दिसतं, असं मी म्हणत आलो. वाक्य चांगलं आहे. वाचनालयाच्या कार्यक्रमात एकदा टाळीही मिळाली.

पण गाव दिसत असेल तर मग गावाकडेच का पाहत नाही?

खरं कारण मला बिर्क लार्सन या आडनावाशी सापडलं. ते ऐकून मला काहीही कळत नाही. माणूस कुठला, कोणातला, त्याच्या घरी माझं पाणी चालतं का, लग्नात आहेर कोणाकोणाचा येतो, काही नाही. नुसती एक मुलगी मेली एवढंच कळतं, आणि मी तिच्यासाठी निखळ हळहळू शकतो. पहिल्याच भागात वडील कालव्याकाठी पोचतात तेव्हा फोन चालूच असतो आणि आई पलीकडून सगळं ऐकते. त्या प्रसंगाला माझ्या डोळ्यांत पाणी येतं, दर वेळी. आणि इकडे गावात काही घडलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कोनाची पोरगी होय?" हा प्रश्न दुःखाचा नसतो, तो पत्त्याचा असतो. उत्तर मिळालं की माणसं मनातल्या मनात आपापल्या जागा धरतात. कोणी जवळ सरकतं, कोणी दोन पावलं मागे. मागाहून दुसरा प्रश्न, जरा हळू आवाजात: "काही होतं का त्यायचं?" मी शुद्ध भाषेत विचारतो, एवढाच फरक. आडनाव ऐकताक्षणी माझ्या मनात जे सरसर हिशेब होतात, ते मी आयुष्यात कोणाला सांगितलेले नाहीत. चाळीस वर्षं हजेरी घेतली आहे. नाव ऐकून घर ओळखणं हे माझ्या हाडात मुरलंय.

म्हणजे परगावचा मुडदा मला आवडतो तो त्याच्यापाशी माझी जात जागी होत नाही म्हणून. तिथे मी फुकटात चांगला माणूस होतो.

आणि तेही खरं नव्हतं, हे त्याच मालिकेनं दाखवलं. ज्यांना शेवट ऐकायचा नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. तपासात एका टप्प्यावर संशय जातो तो रामा नावाच्या शिक्षकावर. स्थलांतरित घरातला, नाव परकं. मुलीचा बाप आणि त्याचा जिवलग सहकारी वान त्याला बेदम मारतात. तो निर्दोष असतो. विसाव्या भागात कळतं की खुनी वानच. घरात रोज येणारा, पोरांना अंगाखांद्यावर खेळवणारा, बापाचा उजवा हात. आणि कारण? मुलगी एका स्थलांतरित घरातल्या मुलाबरोबर निघून जाणार होती, ते त्याला सहन झालं नाही. कोपनहेगनच्या पावसातून वीस रात्री चालत मी शेवटी पोचलो ते आपल्याच वेशीवर. डॅनिश प्रेक्षकाला पहिल्या भागापासून ती नावं ऐकू येत असणार, त्याच्याही मनात हिशेब होत असणार. माझ्यात चांगुलपणा जास्त नव्हता, मला ती आडनावं वाचता येत नव्हती इतकंच.

शाळेतली एक रीत इथं आठवते, ती कोणा एका शाळेची नव्हे. पोरगा मागे लागतो अशी मुलीची तक्रार आली की पालकांना बोलावलं जायचं, मुलीच्या. "पाहा बा, लक्ष ठेवा पोरीवर." काही दिवसांनी ती यायची बंद व्हायची, मग लग्नाची पत्रिका स्टाफरूममध्ये यायची आणि आम्ही शंभर-शंभर रुपये काढून आहेर पाठवायचो. पोराचं नाव हजेरीत तसंच राहायचं. यात कोणी मेलं नाही, म्हणून कोणी तपास केला नाही. सारा लुंड ही त्या मालिकेतली तपास अधिकारी मला का आवडते, ते या रीतीच्या शेजारी ठेवलं की उमगतं. स्वीडनला कायमचं निघालेली ती बाई मुलाला, आईला, होणाऱ्या नवऱ्याला ताटकळत ठेवते, पण पाहणं थांबवत नाही. माझ्या वाटचं पाहणं ती करते. मी खुर्चीत बसून तिच्या चिकाटीचा मान स्वतःकडे घेतो.

आमच्याकडेही एक महिला अधिकारी तपास करत होती. नांदोरी चौकातल्या प्रकरणाचं आरोपपत्र महिन्याभरात दाखल झालं. शहर बंद झालं होतं, मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या. उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील म्हणून आले. खटला याच गावच्या न्यायालयात चालला, मी भाजी आणायला जातो त्याहून फार लांब नाही. १० फेब्रुवारी २०२२ रोजी, तिच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, आरोपीला जन्मठेपेची शिक्षा झाली. ही बातमी मी मोबाइलवर वाचली. मधल्या दोन वर्षांतच मी या सगळ्या मालिका पाहिल्या. करोनाचे निर्बंध होते, न्यायालयात गर्दी करू देत नव्हते, हे खरं. पण निर्बंध सैल झाल्यावरही माझे पाय तिकडे वळले नाहीत आणि वळावेत असं मनातही आलं नाही. साक्षीदार काय सांगत होते, घरची माणसं कुठे बसत होती, त्यांना पाणी कोण देत होतं, मला माहीत नाही. तिथे डोळ्यांत पाणी आलं असतं तर पुढे काहीतरी करावं लागलं असतं. कोणाच्या घरी जावं लागलं असतं, कोणाशी बोलणं तोडावं लागलं असतं. पर्निला माझ्याकडे काही मागत नाही.

मालिका पाहणं मी सोडणार नाही. सोडलं म्हणून मी सुधारेन असंही नाही. ज्यांना त्या आवडतात त्यांनी जरूर पाहाव्यात, विशेषतः 'फोर्ब्रिडेल्सन'चं पहिलं पर्व. एवढंच सांगायचं आहे की आपल्या तालुक्याच्या कोर्टातही खटले चालतात. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७ नं बलात्कारासारखे काही खटले वगळता न्यायालय सर्वांना खुलं ठेवलं होतं, नव्या कायद्यातही ते तसंच आहे. तारीख फळ्यावर लागते, मागच्या बाकावर बसायला ओळख लागत नाही, आणि तिथे साक्षीदाराचं नाव आडनावासकट पुकारतात.