अर्पणानंतरचा हिशेब

सुगीच्या सणाच्या दिवशी आपल्या अनेक खेड्यांतील मंडळ्यांत अर्पणे मेजापुढे मांडली जातात: ज्वारीची कणसे, बाजरीची पोती, भोपळे, कोंबड्या, क्वचित एखादे करडू. मग चिटणीस उभा राहून कोणी काय आणिले ते नावानिशी वाचून दाखवितो. ज्याचे पोते मोठे त्याच्याकडे माना वळतात, आणि जिने पदरात बांधून दोन मुठी बाजरी आणिली ती "इतर" या शब्दात जाते. ही चाल वाईट हेतूने पडलेली नाही. नोंद राहिलीच पाहिजे. मंडळीचा हिशेब ज्यास उघड करावयाचा नाही त्याने या लेखाचा आधार घेऊ नये. परंतु या वाचनाने एक प्रश्न मनात येतो. जे देवाला देऊन टाकिले त्याची आठवण देणाऱ्याने आपल्याजवळ राखून ठेवावी काय? आणि ठेविली तर ते दिले असे म्हणता येईल काय?

प्रिय बंधुभगिनींनो, हा प्रश्न धान्यापुरता नाही. आपल्यातील कित्येकांनी, अथवा त्यांच्या आजापणजांनी, प्रभूसाठी घरदार सोडिले, भाऊबंदांच्या पंक्तीस ते मुकले, सोयरीक तुटलेली त्यांनी सोसली. कित्येक प्रचारकांनी तुटपुंज्या वेतनावर गावोगाव पायी हिंडून आयुष्य घालविले. हे लहान काम नव्हे. पण त्यागाच्या मागोमाग नम्रता आपोआप येते असे जे आपण धरून चालतो ते खरे नाही. पुष्कळदा त्याग हेच गर्वाचे शेवटचे आश्रयस्थान होते. धनाचा गर्व करणाऱ्यास कधीतरी लाज वाटण्याचा संभव असतो. त्यागाचा गर्व ज्यास जडला त्याला तो गर्व भक्तीच वाटत राहतो.

शिष्यांकडेच पाहा. मार्काच्या दहाव्या अध्यायात पेत्र प्रभूला आठवण देतो की आम्ही सर्व सोडून तुझ्यामागे आलो आहो. प्रभू त्याच्यावर रागावत नाही. जे सोडिले त्याच्या शंभरपट मिळेल असे तो सांगतो, मात्र त्यातच छळाचीही भर घालतो. पुढे थोड्याच ओळींनी याकोब व योहान त्याच्या उजव्या-डाव्या हाताकडील आसने मागावयास येतात. हे दोघे कोण? ज्यांनी जाळी, तारू, बाप आणि मजूर ही सर्व एका हाकेसरशी सोडिली तेच. मजूर लावण्याइतके ते घर सुखवस्तू होते. ते सोडावयास त्यांस एक क्षण पुरला. पण मोठेपणाची हाव सुटली नाही. लूक सांगतो की शेवटच्या भोजनाच्या वेळीही, आपल्यात मोठा कोण, हा वाद शिष्यांत चाललाच होता. आणि बाकीचे दहा जण त्या दोघा भावांवर संतापले ते काही नम्रतेमुळे नव्हे!

याच्या उलट बेथानीतील ते घर. मरीयेने जटामांसीचे मोलवान तेल प्रभूच्या चरणांवर ओतिले. त्याचे मोल तीनशे दिनार होते. एक दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा जवळजवळ वर्षभराची कमाई एका घटकेत वाहून गेली. इतके करूनही मरीया त्या वेळी एक शब्द बोलल्याचे शास्त्रात नाही. आकडा काढिला तो यहूदा इस्कर्योताने. देणारीच्या तोंडी रक्कम नाही. ज्याने काही दिले नाही त्याला ती तोंडपाठ! प्रभूने गरिबांची काळजी फोल ठरविली नाही. प्रीतीने दिलेल्या दानाला नासाडी म्हणण्याचा अधिकार मात्र त्याने कोणास दिला नाही.

मग कोणी म्हणेल, साक्षही देऊ नये काय? पौलाने करिंथकरांस लिहिताना आपल्या हालांची यादी दिली आहे: पाच वेळा एकूणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, तीन वेळा गलबत फुटणे. परंतु ही यादी देत असता तो स्वतःस मूर्ख म्हणवितो, आणि तिचा शेवट दिमिष्कातील प्रसंगाने करितो. तेथे काय झाले? पाटीत बसवून त्याला तटाच्या खिडकीतून खाली सोडिले, आणि तो पळाला. शूराने मिरवावी अशी ही गोष्ट नव्हे. जो आपली साक्ष देताना आपल्या फजितीचाही प्रसंग सांगू शकतो, त्याची साक्ष सहसा प्रभूविषयीच असते.

येथे एक सावधगिरी घेणे अवश्य आहे, कारण नम्रतेचा उपदेश चुकीच्या माणसाच्या माथी मारणे फार सोपे असते. आपल्या पुष्कळ मंडळ्यांची मुळे गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत आहेत. पिढ्यानपिढ्या आपल्या वाडवडिलांना वाकावयास लाविले गेले, वतनाच्या नावाने त्यांच्याकडून वेठ घेण्यात आली. कनिष्ठ गावकामगारांची ती वतने सन १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. ज्याची पाठ दुसऱ्याने वाकविली त्याला नम्र म्हणणे ही थट्टा होय. योहानाच्या तेराव्या अध्यायाचा क्रम ध्यानात आणावा. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो व देवाकडे जात आहो, हे जाणून येशू भोजनावरून उठला आणि त्याने कमरेस रुमाल बांधिला. आपले थोरपण ठाऊक असलेला तो होता, म्हणूनच पाय धुणे हे त्याचे दान झाले. डोंगरावरील प्रवचनातही वेठीचा पहिला कोस दुसऱ्याच्या बळजबरीचा आहे. दुसरा कोस चालणाऱ्याचा स्वतःचा. तेव्हा मंडळीतील गरीब बाईने दर शनिवारी देऊळ झाडावे आणि पंचांनी तिला नम्रतेचे वचन ऐकवावे, हे शास्त्राला धरून नाही. झाडणी पंचांनी हाती घ्यावी, म्हणजे त्या वचनाचा अर्थ सर्वांस कळेल.

आपल्या महाराष्ट्रात याचे एक मोठे उदाहरण होऊन गेले आहे. पंडिता रमाबाईंना सन १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या, त्या संस्कृतावरील प्रभुत्वामुळे. सन १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळाने उघड्या पडलेल्या शेकडो मुलींना व स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला. हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्यांचा जो त्याग मला अधिक खोल वाटतो त्याची चर्चा थोडी होते. उतारवयात त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, आणि ते जाणूनबुजून साध्या बोलीत केले, यासाठी की कमी शिकलेल्या बाईलाही ते समजावे. ज्या संस्कृत शब्दसंपत्तीमुळे जगाने त्यांस डोक्यावर घेतले, तीच त्यांनी बाजूला ठेविली. पैसा देणाऱ्यास पावती मिळते. येथे तर पंडितांकडून नावे ठेविली जाण्याचाच संभव अधिक होता. सन १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण ग्रंथ सन १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

खेड्यातील प्रचारकावर हा प्रसंग निराळ्या रूपाने येतो. ज्याने उन्हातान्हात हिंडून मंडळी उभी केली, त्याच्या जागी एक दिवस शिकलेला तरुण येतो. लोक त्याच्याभोवती जमतात, आणि जुन्या माणसाची खुर्ची मागे सरते. त्या वेळी जुन्या माणसाच्या मनात आपण केलेल्या श्रमांचा सगळा जमाखर्च उघडतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिष्यांनीही त्याच्याकडे हेच गाऱ्हाणे नेले, की सर्व लोक आता त्या दुसऱ्याकडे जाताहेत. योहानाने स्वतःस वराचा मित्र म्हटले आणि वराचा शब्द ऐकून आपला आनंद पूर्ण झाल्याचे सांगितले. पण हे म्हणणे त्यास स्वस्त पडले नाही. पुढे तो तुरुंगात पडला. तेथून, येणारा तो तूच काय, हे विचारावयास त्याने दोघांस पाठविले, इतकी ती जागा अंधारी होती. प्रभूने त्या दोघांजवळ उत्तर दिले. मग ते निघून गेल्यावर त्याने लोकसमुदायाकडे वळून, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी नाही, अशी त्याची वाखाणणी केली. निरोप्ये तोवर वाटेला लागले होते; त्यांनी तुरुंगात नेलेल्या निरोपात ती नव्हती.