वाराचा नेम

ताणावर बोलणारा जो तो सध्या पहाटेवर येऊन थांबतो. पाचला उठा, मोबाइलला हात लावू नका, कोमट पाणी घ्या, प्राणायाम करा, मग वहीत दिवसाचे तासवार रकाने आखा. पुरवण्या, व्याख्यानमाला आणि रील्स यांतून हा उपदेश इतका मुरला आहे की घरात ताण असेल तर घरातलं माणूस बेशिस्त असणार, हे गृहीतच धरलं जातं. मला हे उथळ वाटतं आणि निरुपद्रवी तर मुळीच वाटत नाही. जिचा दिवस आधीच नळाला पाणी येण्याच्या वेळेवर बांधलेला आहे, त्या बाईच्या पदरात हा उपदेश आणखी एक अपयश टाकतो.

दिनक्रमाची महती आपल्याला नवी नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचाच आहे आणि तो ब्राह्ममुहूर्तावर उठण्यापासून सुरू होतो. त्याचा रोख एका माणसाच्या देहाकडे आहे आणि आरोग्याच्या ग्रंथात तो तसा असणं योग्यच. स्नानाचं पाणी कोणी तापवलं, हा वैद्याचा प्रश्न नव्हता. पण घराबद्दल बोलायचं असेल तर तो टाळता येत नाही, आणि आजचे पहाटवादी नेमका तोच टाळतात. एकट्या देहासाठी बेतलेला साचा ते चार-पाच माणसांच्या घराला लावतात.

घरात कामं पुष्कळ असतात हे खरंच. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाकाठी सरासरी 299 मिनिटं त्यात जात होती. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची 97 मिनिटं जात होती, आणि असे पुरुष शंभरात सव्वीसच होते. पण मिनिटं मोजून ताणाचा अर्धाच भाग हाती लागतो. तेल शनिवारपर्यंत पुरेल का, इस्त्रीचे कपडे परत आले का, आजोबांची रक्तदाबाची गोळी कधी संपते, या गोष्टींना करायला वेळ लागत नाही; त्या डोक्यात वागवाव्या लागतात. ॲलिसन डॅमिंजर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी 2019 मध्ये या वागवण्याचे चार भाग केले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही ते पाहणं. त्यांनी अभ्यासलेल्या जोडप्यांत निर्णय बरेचदा दोघं मिळून घेत. आधी ओळखणं आणि नंतर पाहणं मात्र मुख्यतः बाईकडे राही. आपल्याकडची घरं पाहिली तर यात नवल वाटू नये.

घड्याळाचा नेम हा भार कमी करत नाही, वाढवतो, असं माझं म्हणणं आहे. सहा ते साडेसहा आवराआवर, साडेसहा ते सात डबे, नऊला उद्याची तयारी, हे कागदावर नीट दिसतं. पण प्रत्येक रकान्याला राखणदार लागतो. वेळ झाली हे कोणीतरी बघायचं, बाकीच्यांना हाक मारायची, चुकलं तर पुढचं सरकवायचं. हा राखणदार कोण, हे सांगायला नको. शिवाय घड्याळाचा नेम एका क्षणात मोडतो. लोकल उशिरा आली, गॅस संपला, पाणी आलंच नाही, की पुढचे सगळे रकाने कोसळतात आणि संध्याकाळी हाती फक्त अपराधी भावना उरते.

पहाटवादी यावर शास्त्राचा आधार देतात. सकाळी इच्छाशक्तीचा साठा भरलेला असतो, दिवसभर निर्णय घेता घेता तो रिता होतो, म्हणून महत्त्वाचं ते सकाळी उरकावं, असं ते सांगतात. या कल्पनेचं मूळ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1998 च्या प्रयोगात आहे. काहींना समोर ताजी बिस्किटं ठेवून मुळे खायला लावले आणि मग न सुटणारी कोडी दिली; त्यांनी ती लवकर सोडून दिली. पण 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर माणसांवर या कल्पनेची पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. संध्याकाळी माणूस थकत नाही, असा याचा अर्थ नव्हे. पण अख्ख्या घराचं वेळापत्रक ज्या पायावर उभं करायला सांगतात, तो इतका भक्कम नाही. एकवीस दिवसांत सवय लागते, हे आणखी एक पालुपद. ते मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून निघालं. तिथे तो निदान एकवीस दिवस म्हणत होता. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात, जो 2010 मध्ये छापून आला, सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्यांक 66 दिवस होता, आणि माणसामाणसांतलं अंतर 18 पासून 254 दिवसांपर्यंत होतं. त्यातल्या दोन गोष्टी पहाटवादी कधी सांगत नाहीत. सवयी घड्याळाच्या काट्याला बांधलेल्या नव्हत्या, न्याहारीनंतर किंवा जेवताना अशा रोजच्या घडामोडींना जोडलेल्या होत्या. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नव्हतं.

याचा अर्थ घराला नेमच नको, असा नव्हे. शिस्तीने घराचा जिवंतपणा जातो असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की तो जिवंतपणा कोणाच्या तरी धावपळीवर उभा असतो.

मला ज्याचा आग्रह धरायचा आहे तो वाराचा नेम. आपल्या समाजाला तो अनोळखी नाही. चाकणचा बाजार शनिवारी, सांगोल्याचा रविवारी, हे पंचक्रोशीतल्या लहान पोरालाही माहीत असतं. पिंपरी-चिंचवडच्या अनेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून तिथल्या कित्येक घरांचा आठवडा गुरुवारी वळण घेतो. वाराचं बळ इथेच आहे. तो कोणा एकाच्या वहीत नसतो, सगळ्यांना न विचारता ठाऊक असतो. सकाळी सातची आवराआवर कोणाच्या तरी मालकीची असते. मंगळवार सगळ्या घराचा असतो. शिवाय वारात ऐसपैस जागा असते. सकाळी जमलं नाही तर रात्री जमेल, आणि तरी तो मंगळवारच राहील.

'आज भाजी काय करू?' हा प्रश्न घ्या. महाराष्ट्रातल्या घरोघरी तो रोज निदान एकदा विचारला जातो आणि उत्तर बहुधा 'काहीही कर' असं येतं. त्या 'काहीही'त सगळा भार आहे. समजा, सोमवार मटकीच्या उसळीचा ठरला. मटकी शनिवारी रात्री भिजत घालायची, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, तेव्हा सोमवारी तिला चांगले मोड दिसतात. थंडीत आणखी वेळ लागतो. म्हणजे सोमवारची भाजी खरं तर शनिवारीच सुरू होते, आणि आजवर हे जोडून बघणं एकाच डोक्याचं काम होतं. वार ठरला की शनिवारी रात्री डबा उघडून मटकी भिजत घालणं बारा वर्षांच्या मुलालाही जमतं. त्याला कोणी आठवण करायला नको, कारण शनिवार त्यालाही कळतो. डब्यात मटकी नसेल तर तेही तोच पहिल्यांदा ओरडून सांगेल. डॅमिंजर यांनी वेगळं काढलेलं आधी ओळखण्याचं काम इथे हातातून हातात जातं. नुसती भाजी चिरून देण्याच्या मदतीने ते कधीच गेलं नसतं.

वार आणखी एक करतो. आज जे करायचं नाही, ते आज मनातून काढून ठेवायची मुभा देतो. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या 2011 च्या अभ्यासात अपुरी कामं मनात डोकावत राहिली, पण ती कधी आणि कशी करायची याची नेमकी योजना आखल्यावर त्यांचा त्रास ओसरला. काम झालेलं नव्हतं, फक्त त्याला जागा मिळाली होती. पंख्यावरची धूळ बुधवारी डोळ्यांना दिसली तरी ती शनिवारची आहे, हे घरात सर्वांना मान्य असेल तर बुधवारी तिचा सल राहत नाही. 'सर्वांना मान्य' हे महत्त्वाचं. एकीने ठरवलेला शनिवार बाकीच्यांच्या लेखी शनिवार नसतो.

शाळेची बस, कारखान्याची पाळी, इन्सुलिनची वेळ, यांना वार चालणार नाही, हे मान्य. ही बंधनं बाहेरून किंवा देहाकडून येतात आणि ती पाळावीच लागतात. ती आहेत म्हणूनच त्यांच्या भोवती आपल्या हौसेचे आणखी तास रोवू नयेत.

अडतो तो स्वयंपाक. चुलीला वार नसतो; ती रोजच पेटते, म्हणून तिला हवा तो सुट्टीचा वार. तो कसा मागायचा, याचं उदाहरण आपल्याकडे आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टी मागितली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. रविवार हा खंडोबाचाही वार, हा धागा त्यांनी सोडला नव्हता. त्या मागणीतलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की सुट्टीचा वार सगळ्यांचा एकच आणि सगळ्यांना आधीच ठाऊक असायला हवा होता. ज्याने त्याने आपापली सवड काढावी, असं सांगून भागणार नव्हतं. पुढे रविवार आला, पण घरातल्या चुलीपर्यंत पोचेस्तोवर त्याचे पोहे, मटण आणि पाहुणे झाले. ती सुट्टी घरात मागायची असेल तर लोखंड्यांच्याच रीतीने मागावी लागेल: वार ठरवून, सर्वांदेखत, कायमची. बुधवारची संध्याकाळ ठरली तर बुधवारची संध्याकाळ. त्या रात्री घरातलं दुसरं माणूस खिचडी टाकेल किंवा दुपारचं उरलेलं सगळे वाढून घेतील, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांनाही ते आधीच सांगून ठेवलेलं असेल.