न मिळालेलं इंजेक्शन

एक बाई होती. तिच्या स्तनात गाठ निघाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात जायला सांगितलं. धाकट्या भावाला घेऊन ती मुंबईला आली आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरली. तिथे कुणी बिहारचं होतं, कुणी बंगालचं. बोली निराळ्या, पण काखेतल्या फायली सारख्याच.

ऑपरेशन ठरलं, तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"मावशी, एक अभ्यास चालू आहे. ऑपरेशन सगळ्यांचं सारखंच होतं. फक्त निम्म्या बायकांना, गाठ काढायच्या सात-दहा मिनिटं आधी, गाठीभोवती बधिरतेचं इंजेक्शन देतो. औषध जुनंच आहे, दात काढताना देतात ते. त्याने आजार उलटायचा कमी होतो का, ते बघायचंय."

"मला देणार का?"

"ते मी ठरवत नाही, तुम्हीही नाही. कॉम्प्युटर ठरवतो. नको म्हणालात तरी बाकीचे उपचार तेच."

भावाने बाईला बाजूला घेतलं. "अक्का, हे आपल्यावर प्रयोग करतायत. सही करू नको."

त्याची भीती उगाच नव्हती. न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊन त्यांच्या वडिलांनी जमीन घालवली होती. बाईने सगळा कागद दोनदा वाचून घेतला. मग विचारलं, "याने मी बरी होईन?"

"असा शब्द मी देऊ शकत नाही."

बाईने सही केली.

तिचं नाव इंजेक्शन नसलेल्या बाजूला निघालं. भाऊ चिडला, "सही करून मिळालं काय?" बाई काही बोलली नाही. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, पुन्हा आले. पुढे दरवेळी तपासणीला बोलावलं की ती शेतातलं काम टाकून एसटीत बसायची. भाऊ म्हणायचा, "तुला काही दिलंच नाही, मग जातेस कशाला?"

"माझं नाव लिहिलंय त्यांनी."

२०११ साली सुरू झालेल्या त्या अभ्यासात देशातल्या ११ केंद्रांमधल्या १,६०० बायका होत्या. टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निकाल सांगितला. पाच वर्षांनंतर इंजेक्शन न घेतलेल्या शंभरातल्या सुमारे ८३ जणी आजार न उलटता राहिल्या होत्या, घेतलेल्या शंभरातल्या सुमारे ८७. औषधाचा खर्च तेव्हा शंभर रुपयांच्या आतला होता.

ही चार बायकांची वाढ कशावरून कळली? इंजेक्शन घेतलेल्यांकडे कितीही वर्षं पाहत बसलं असतं, तरी ती दिसली नसती. शेजारी न घेतलेल्या उभ्या होत्या, तपासणीला न चुकता येत होत्या, म्हणून दिसली. ज्यांना औषध मिळालं नाही त्यांचा वाटा त्यात अर्धा होता, आणि तो कुणी त्यांच्याकडून फसवून घेतला नव्हता.

पुढे गावातल्या एका सुनेला तसलीच गाठ निघाली. सोबत जायला कुणी नव्हतं, म्हणून भाऊच गेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने डॉक्टरांना गाठलं.

"गाठीभोवतीचं ते इंजेक्शन हिला देणार ना?"

डॉक्टर थबकले. "तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या अक्काला नव्हतं मिळालं," तो म्हणाला.