गवताखालचे देणे

साउथ वेल्समधल्या अ‍ॅबरडेअर गावाबाहेर डेअर नदीच्या खोऱ्यात एक पायवाट शिरते. दोन्ही अंगांना कुरणे, मध्ये तळी, तळ्यांत बदके, आणि खोऱ्याच्या शेवटाला हिमनदीने कोरून काढलेला काळपट कडा. मेंढ्या निवांत चरत असतात. चालणाऱ्याला वाटावे, हे असेच असणार, शेकडो वर्षांपासून. पावसाने वाट जिथे उखणलेली असते तिथे मात्र खालून काळी कच वर आलेली दिसते आणि ती बुटाच्या तळाला चिकटते. ती माती नाही. खाणीतून कोळशाबरोबर निघालेला आणि कोळसा वेचून झाल्यावर टाकून दिलेला तो दगड आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर या खोऱ्यात खाणी उघडल्या. इथला कोळसा धूर कमी करी आणि आच जास्त देई, म्हणून आगबोटींना तो फार प्रिय होता. मुंबई बंदरात येणाऱ्या आगबोटींनीही हा विलायती कोळसा जाळलेला आहे. १९१३ साली साउथ वेल्सच्या खाणींनी साडेपाच कोटी टनांहून अधिक कोळसा काढला. पुढे मागणी ओसरली, खाणी एकेक करून बंद पडल्या आणि ढिगारे तेवढे उरले. डेअरच्या खोऱ्यातले ढिगारे सपाट करून, वर गवत पेरून, तळी खोदून तिथे १९७३ मध्ये ‘कंट्री पार्क’ झाले. आज त्याला सगळे जण पूर्ववत झालेले खोरे म्हणतात.

‘पूर्ववत’ हा शब्द मला तिथे अडतो. खाणींच्या आधी इथे ही तळी नव्हती. उतारांचा आजचा गोलवा यंत्रांनी दिलेला आहे. तेव्हा हे खोरे पूर्वीच्या रूपात परतलेले नाही. जुन्याच्या जागी माणसाने एक नवे खोरे बसवले आहे. त्यात गैर काहीच नाही. पण शब्द चुकला की समज चुकते. ‘पूर्ववत’ म्हटले की काम संपले, खाते बंद झाले, असे वाटू लागते. या खोऱ्याच्या डाव्या-उजव्या शेजाऱ्यांकडे पाहिले की खाते किती उघडे आहे ते कळते.

पूर्वेकडचा डोंगर ओलांडला की पलीकडच्या उताराला अ‍ॅबरवॅन आहे. खाणीवाल्यांनी डोंगरावर, थेट गावाच्या माथ्यावर, ढिगारे रचले होते. त्यांतला सातव्या क्रमांकाचा ढिगारा तर झऱ्यांवरच उभा होता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी, शाळा नुकती भरली असताना, तो पाण्याने सैल होऊन खाली आला. ११६ मुले आणि २८ मोठी माणसे गेली. चौकशी आयोगाने दोष खाणी चालवणाऱ्या सरकारी नॅशनल कोल बोर्डावर ठेवला. तरीही उरलेले ढिगारे हलवायचा खर्च आला, तेव्हा लोकांनी मृतांच्या कुटुंबांसाठी जमवलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड काढून घेतले गेले. ज्यांची मुले गाडली गेली त्यांच्याच झोळीतून ढिगाऱ्याची हमाली दिली गेली. ते पैसे सरकारने १९९७ मध्ये परत केले, तेही व्याजाविना.

वेल्समधल्या पडीक खाण-जमिनी हिरव्या करण्याच्या सरकारी मोहिमेला खरा जोर चढला तो अ‍ॅबरवॅननंतर. डेअरचे कुरण त्याच लाटेतले. म्हणजे ज्या गवतावर आज मुले चेंडू खेळतात, त्याच्या मुळाशी निसर्गप्रेम थोडे आणि भीती अधिक आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. भीतीतून झालेले काम बहुधा नेटके होते. मात्र भीती विरली की तेच काम आपोआप झाले असे वाटायला लागते, आणि धोका असतो तो तिथे.

आता पश्चिमेकडचे खोरे पाहू, रॉन्डाचे. टायलर्सटाउनच्या वरचा जुना ढिगारा बरीच वर्षे मुकाट होता. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डेनिस’ वादळाच्या पावसाने तो भिजला आणि सुमारे साठ हजार टन काळा चिखल खालच्या नदीत उतरला. कोणी दगावले नाही, हे नशीब. त्यानंतर मोजदाद झाली तेव्हा वेल्समध्ये असे वापरातून गेलेले अडीच हजारांहून अधिक ढिगारे निघाले. खाण बंद होते तो दिवस सरकारी कागदावर असतो; ढिगाऱ्याला तो दिवस माहीत नसतो. त्याला फक्त पाऊस कळतो, आणि पाऊस आता पूर्वीसारखा पडत नाही.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, मग प्रत्येक ढिगारा हलवा, नाहीतर गवताने झाका. पण त्याच रॉन्डाच्या खोऱ्यात वर मार्डी आहे. तिथली खाण १९९० मध्ये बंद झाली. रॉन्डातली ती शेवटची खोल खाण. तिच्या उघड्याबोडक्या ढिगाऱ्यावर निसर्गअभ्यासकांना पैसा किड्याची अशी एक जात सापडली, जी ब्रिटनमध्ये त्याआधी कोणी नोंदलेली नव्हती. गमतीने तिला ‘मार्डीचा राक्षस’ म्हणतात. राक्षस कसला, नखाहूनही लहान जीव. अशा ढिगाऱ्यांवर दगडफुले, दुर्मीळ फुलपाखरे, जमिनीत बिळे करणाऱ्या एकांड्या मधमाश्या आढळतात. कारण सरळ आहे. या दगडात कस नाही, त्यामुळे दांडगे गवत इथे माजत नाही, आणि माजोऱ्यांपुढे टिकाव न लागणाऱ्या दुबळ्यांना जागा मिळते. एकाच जातीचे गवत पेरून केलेली हिरवीगार टेकडी डोळ्यांना सुखावते, पण जिवांच्या दृष्टीने ती पुष्कळदा या काळ्या उजाड टेकाडापेक्षा गरीब असते.

एक ढिगारा माणसे गाडतो, दुसरा जीव सांभाळतो. मग करायचे काय? मला वाटते, दोन्ही गोष्टी एकच धडा देतात. रंगावरून ढिगारा कळत नाही. त्याच्या पोटात पाणी कुठे मुरते, उतार किती, वर काय उगवले आहे, खाली कोण राहते, हे प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहावे लागते, आणि पाहत राहावे लागते. हिरवे केले की बघायचे थांबतो, ही आपली खोड आहे.

ही खोड फक्त वेल्सची नाही. गोव्यात एक टन लोहखनिजामागे दोन-तीन टन माती उपसली गेली. डिचोली, सांगे या भागांत तिचे डंप उभे राहिले आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्यावर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून कर्तव्य उरकले गेले. त्या बाभळीखाली दुसरे फारसे काही उगवत नाही, तरी लांबून जंगल दिसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथले ८८ खाणपट्टे रद्द केले. डंपवरची माती मात्र पावसाळ्यात शेतात उतरायची थांबली नाही. चंद्रपूर-वणीकडे कोळशाच्या खाणींभोवती मातीचे डोंगर आहेत. त्यांच्यावर वेडी बाभूळ कोणाला न विचारता माजली आहे आणि तिच्या आडोशाने वाघही वावरतात. तिथे ‘पूर्ववत’ म्हणजे नेमके काय करायचे, हे वाघाला आणि पायथ्याच्या शेतकऱ्याला वेगवेगळे विचारावे लागेल. २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपलेल्या जमिनी पुन्हा गवताखाली आणण्याची अट खाणपट्ट्यांत घालायला सांगितले. अट चांगलीच आहे. पण गवत उगवल्याचे छायाचित्र म्हणजे अटीची पूर्तता, असे होऊ नये.

आपल्याकडेही उद्या अशा खोऱ्यांतून पायवाटा निघतील, निघाव्यातही. उद्घाटनाची फीत कापली जाईल, रोपे लावली जातील. त्या दिवशी उपस्थितांपैकी एखाद्याने एवढेच विचारावे: पन्नास वर्षांनी, खाण कंपनी नसेल, पट्टा संपलेला असेल, तेव्हा या उताराखालचे पाणी बघायला कोण येणार, आणि त्याचा पगार कोण देणार? उत्तर मिळाले नाही, तर त्या बागेला बाग म्हणा, पुनर्वसन म्हणू नका.

वेल्सने जुन्या ढिगाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला तो २०२५ मध्ये, अ‍ॅबरवॅननंतर एकोणसाठ वर्षांनी. दरम्यान, सर्वाधिक धोक्याच्या ढिगाऱ्यांवर वर्षातून दोनदा माणसे चढतात आणि पाणी कुठून वाहते ते पाहून येतात.