दुखणे कोणाचे, साक्ष कोणाची?

दिवाळीच्या फराळाच्या ताटात दुखण्याचा विषय वाढणे कोणाला रुचेल असे वाटत नाही. पण सणासुदीच्या दिवशी पुष्कळ घरांत एखादे माणूस आतल्या खोलीत पडून असते, आणि बाहेर पाहुण्यांत त्याच्याविषयी हलक्या आवाजात बोलणे चालते. ‘‘रिपोर्ट तर सगळे चांगले आले म्हणे!’’ या ‘म्हणे’मध्ये जे काही दडलेले असते, त्याविषयी मला लिहायचे आहे.

आधी माझा अपराध सांगून टाकतो. २०२२ सालच्या जूनमध्ये माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. आदल्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, त्याला कोरोना झाला होता. ताप गेला, खोकला गेला, पण पोराची उमेद काही परत आली नाही. दिसायला मात्र चांगला धडधाकट. पीटीच्या तासाला तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘‘सर, आज पळता येईल. पण उद्या उठता येणार नाही.’’ मास्तरकीत मी नाना सबबी ऐकल्या आहेत. एकाच मुलाची एकच आजी दोनदा वारलेली ऐकली आहे. पण उद्याची सबब आज सांगणारा हा पहिलाच. मला हसू आले. म्हटले, ‘‘आज पळता येतंय ना? मग पळ.’’ तो पळाला. मैदानाला दोन फेऱ्या घातल्या. आपण एका आळशी मुलाला सुधारले, अशा समाधानात मी घरी गेलो.

पुढे आठवडाभर तो शाळेत आला नाही. आठव्या दिवशी त्याची आई आली. ती भांडली असती तर बरे झाले असते. ‘‘सर, तो खोटं नाही हो बोलत,’’ एवढेच ती म्हणाली.

माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची. वैद्यकाशी संबंध औषधाच्या चिठ्ठीपुरता. तरी त्या वाक्याने झोप उडवली, आणि या दुखण्याविषयी मिळेल ते मी वाचू लागलो. कोरोनानंतर रेंगाळणाऱ्या या आजाराची भावंडे फार जुनी आहेत असे तेव्हा कळले. विषाणूचा ताप येऊन जातो आणि मागे अशी एक थकावट ठेवून जातो की विश्रांतीने ती हटत नाही, आणि थोड्याशा श्रमाने माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळतो. इंग्रजीत तिला ‘एमई’ किंवा ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ म्हणतात.

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १९५५ साली अशी एक साथ आली. सुमारे तीनशे माणसे पडली, आणि ती बहुतेक रुग्णालयातलीच होती: डॉक्टर, परिचारिका, नोकरवर्ग. रुग्णालय काही काळ बंद ठेवावे लागले. पुढे १९७० साली दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी त्या वेळचे कागदपत्र चाळले आणि ही सामूहिक हिस्टेरियाची लाट असावी असा निर्वाळा दिला. त्यांच्या पुराव्यांतला एक असा, की आजारी पडलेल्यांत बायका फार होत्या! या बायका रोग्यांच्या उशाशी रात्री काढणाऱ्या, रोग ओळखण्याचे शिक्षण घेतलेल्या. त्यांच्याही शब्दाला किंमत आली नाही, मग माझ्या वर्गातल्या चौदा वर्षांच्या पोराची काय कथा!

दुखणे हा असा खटला आहे की त्यात साक्षीदार एकच असतो, आणि पुष्कळदा त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. आपण विश्वास का ठेवत नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पुरावा नसतो हे खरे. पण देवाधर्मात, लग्न जुळवण्यात, निवडणुकीत आपण पुराव्यावाचून केवढ्या गोष्टी मानतो! मला वाटते, खरे कारण निराळे आहे. दुखणे खरे मानले की आपल्यावर काही करण्याची जबाबदारी येते. खोटे मानले की नुसता उपदेश करून भागते.

संशय घेणे पाप आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. शास्त्र संशयावरच जगते. पण संशय घ्यायचा तर तो रोग्याच्या शब्दावर घ्यावा तसा आपल्या मोजपट्टीवरही घ्यावा. २०११ साली ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात ‘पेस’ नावाच्या एका मोठ्या ब्रिटिश प्रयोगाचे निष्कर्ष आले. ६४१ रोगी त्यात होते. हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम आणि विचारांना वळण लावणारे मानसोपचार यांनी हे रोगी सुधारतात, असा निष्कर्ष होता. पुष्कळ रोगी म्हणाले, व्यायामाने आम्ही अधिकच खचलो. कोण ऐकतो! तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या माणसांनी तो अहवाल ओळीनओळ वाचून काढला, आणि त्यात जे सापडले ते मास्तर म्हणून मला फार झोंबले. शारीरिक क्षमतेचे शंभर गुण. ६५ किंवा कमी असतील तर माणूस प्रयोगात घेण्याइतका आजारी. आणि ‘बरा झाला’ म्हणायला त्या क्षमतेत ६० पुरेत. इतर कसोट्याही होत्या, पण या एका कसोटीत ६५ वरून ६० वर घसरलेला रोगीसुद्धा उत्तीर्ण! बरे होण्याची मूळची अट बरीच कडक होती. ती प्रयोग सुरू झाल्यावर सैल केली होती. माझ्या शाळेत कोणी असे गुण दिले असते तर पालकांनी शाळा डोक्यावर घेतली असती.

ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णाने माहितीच्या हक्काखाली मूळ आकडे मागितले. विद्यापीठाने नकार दिला, प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले, आणि २०१६ साली आकडे खुले करण्याचा हुकूम झाला. मूळच्या अटीने पाहता बरे झालेल्यांचे प्रमाण पूर्वी सांगितलेल्या शेकडा बावीसवरून एक आकडी उरले. संशोधकांनी आपला निष्कर्ष सोडला नाही, हेही सांगायला हवे. पण २०२१ साली ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने आपल्या मार्गदर्शिकेतून चढत्या व्यायामाचा तो उपचार काढून टाकला.

मग रोगी म्हणेल तेच खरे का? तसेही नाही. २००९ साली अमेरिकेत एका विषाणूचा या रोगाशी संबंध जोडणारा लेख गाजला. हजारो रोग्यांनी सुस्कारा सोडला: अखेर शत्रू सापडला! पुढे असे दिसून आले, की तो विषाणू प्रयोगशाळेतल्याच भेसळीतून आला होता. २०११ साली लेख मागे घेतला गेला. आशेने माणूस फसतो, रोगी तर लवकर फसतो. तेव्हा मला जे समजले ते इतकेच, की काय होते आहे याचा साक्षीदार रोगी असतो. का होते आहे हे त्यालाही ठाऊक नसते. पहिल्या बाबतीत त्याला खोटे पाडण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसऱ्या बाबतीत त्याला शोधाच्या कामात बरोबर घेतलेले बरे.

आणि घेतल्यावर काय होते तेही दिसले आहे. सायकल चालवायला लावून रोग्याची ताकद मोजत, तेव्हा एका दिवसाच्या मोजणीत कित्येकदा वेगळे काही दिसत नसे. रोगी तर सांगत होते, आज नव्हे, उद्या पाहा. काही संशोधकांनी लागोपाठ दुसऱ्या दिवशीही मोजले. अनेकांची ताकद खाली आलेली आढळली. ‘लाँग कोविड’ हे नावही २०२० साली रोग्यांनीच रूढ केले. ब्रिटनमधल्या ‘डिकोड एमई’ अभ्यासाची आखणी करायला रोगी होते. उठूही न शकणाऱ्यांनी टपालाने लाळेचे नमुने पाठवले, आणि पंधरा हजारांवर रोग्यांच्या तपासणीतून २०२५ साली जनुकांतल्या आठ जागा हाती लागल्या. रोग बरा करणारे औषध अजून नाही.

‘उद्या पाहा’ हे वाचले त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. माझ्या पोराने मला तेच सांगितले होते, आणि तेही फुकट.

तो मुलगा दहावी पास झाला. पेपरांच्या मधल्या दिवसांत नुसता पडून राही. निकालानंतर पेढे घेऊन त्याची आई आली, तेव्हा तिने एक दोनशेपानी वही दाखवली. रोजची तारीख, त्याने काय केले, आणि समोर दुसऱ्या दिवशी कसा होता, असे आखलेले. ‘‘डॉक्टरांना दाखवायला ठेवली होती, सर. कोणी उघडली नाही.’’ मी उघडली, आणि नको तीच तारीख शोधली. ‘पीटी, दोन फेऱ्या’ असे लिहिले होते. माझे नाव घातले नव्हते.