आजाऱ्यानें मुकें राहावें काय?

कारंजा लाडकडील खेडें असो वा दुसरें कोणतेंही, सरकारी दवाखान्यांतून औषधाविना परतलेला गरीब मनुष्य बहुधा नशिबाला दोष देऊन गप्प राहतो. आपल्यांतील कित्येक भाविक ह्या गप्प बसण्यास ख्रिस्ती सहनशीलता समजतात. ही समजूत शास्त्राला धरून आहे काय?

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडूं लागला, तेव्हां लोकांनीं त्याला दटावलें. प्रभूनें मात्र थांबून त्याला जवळ बोलाविलें आणि त्याची इच्छा त्यालाच विचारली. सर्व जाणणाऱ्यानेंही रोग्याचें म्हणणें त्याच्या तोंडून ऐकलें. मग अधिकाऱ्यांनीं व डॉक्टरांनीं तें ऐकूं नये, असें कसें म्हणावें?

आपल्याच महाराष्ट्रांत ह्याचें उदाहरण आहे. २००७ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखालीं शेजारच्या अमरावतीसह पुणें, ठाणें, नंदुरबार व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) ह्या पांच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचें काम सुरू झालें. गांवकऱ्यांनीं आरोग्यसेवेची पाहणी करून चांगलें, मध्यम व वाईट हें हिरव्या, पिवळ्या व तांबड्या रंगानें तक्त्यावर दाखविलें, आणि जनसुनवाईंत अधिकाऱ्यांसमोर उभें राहून सांगितलें. कित्येक ठिकाणीं औषधें बाहेरून आणावयास लावणें व बेकायदा पैसे घेणें ह्यांस आळा बसला. त्यापूर्वीं, १९७० सालीं जामखेडास काम आरंभून, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्यानें खेड्यांतील निरक्षर बायांसही आरोग्यसेविका केलें होतें.

कोणी म्हणेल, एकट्या परिचारिकेवर अनेक गांवांचा भार असतां तिच्याविरुद्ध बोलणें निर्दयपणाचें नाहीं काय? म्हणूनच बोलणें खरें व नेमकें असावें. औषधें संपलीं तर दोष बहुधा तिचा नसतो; तिची अडचण वर कळविणारा गांव तिचा सोबतीच होय. स्वतःच्या अपमानाची क्षमा अवश्य करावी. परंतु शेजारीण बाळंतपणांत हाल सोशीत असतां गप्प राहणें ही क्षमा नव्हे. तिच्या वतीनें क्षमा करण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

यास्तव उपदेशक बंधूंनो, गांवच्या आरोग्य समितीची सभा केव्हां होते तें विचारून तेथें जा. कोणत्या तारखेस कोण गेलें, कोणतें औषध मिळालें नाहीं, किती पैसे मागितले, तें लिहून ठेवा. चांगलें काम झालें असेल तर तेंही लिहा. आणि मंडळीपुरतें न पाहतां साऱ्या गांवासाठीं बोला. पक्षाघाती मनुष्य स्वतः चालूं शकत नव्हता, म्हणून चौघांनीं त्याला छप्पर उकलून प्रभूपुढें सोडलें. ज्यास बोलवत नाहीं, त्याच्यासाठीं आपण तितके श्रम घेऊं या.